नाव आणि चिन्ह तुमचं : अ‍ॅक्सल रोझ यांना अनावृत पत्र

श्री. अ‍ॅक्सल रोझ यांस,
मु. पो. लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया

सा. न. वि. वि.

पत्र उघडं पाठवतोय, राग मानू नये. ही रीत तुमचीच. एप्रिल २०१२ मध्ये क्लीव्हलँडला तुमच्या गन्स एन' रोझेस या बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश व्हायचा होता. समारंभ तीन दिवसांवर आला आणि तुम्ही जाहीर पत्र लिहून कळवलंत की मी येणार नाही, माझ्या गैरहजेरीत माझा समावेश करू नका आणि माझ्या वतीने कुणी काही स्वीकारू किंवा बोलूही नका. पत्र लांबलचक होतं, भाषा भलतीच अदबशीर. वाचून ऊर भरून आला, कारण १९९१ नंतर तुम्ही मुदतीच्या आत पूर्ण केलेलं मोठं लिखाण माझ्या माहितीत हे एकच.

माझी ओळख सांगतो. मी तुमचा जुना गिऱ्हाईक. 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'ची कॅसेट काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमधून घेतली होती. ती इतकी वाजवली की टेप ताणली गेली आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तुमचा तो काच फोडणारा आवाज हळूहळू सर्दी झाल्यासारखा बसायला लागला. पेन्सिल घालून टेप पुन्हा घट्ट करायची, डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं आणि परत पहिल्या गाण्यापासून. घरच्यांना वाटायचं, पोरगा इंग्रजी सुधारतोय. त्या अल्बममधून मी जे इंग्रजी शिकलो ते आजवर कुठल्याही मुलाखतीत वापरता आलेलं नाही.

तर मुद्द्याचं. मुंबईत तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा मी मैदानात होतो. डिसेंबर २०१२ ला वांद्रे-कुर्ला संकुलात जो संच आला त्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचे म्हणावेत असे दोघेच : तुम्ही आणि कीबोर्डवाले डिझी रीड. गिटारला तीन जण होते. तिघेही तयारीचे, एकाचाही हात कुठे अडखळला नाही. पण 'नोव्हेंबर रेन'चा सोलो सुरू झाला तेव्हा आसपासचे सगळे मान उंचावून जुन्या गिटारवाल्या स्लॅशची टोपी शोधत होते. तिकिटावर नाव मात्र ठळक अक्षरात गन्स एन' रोझेस.

महाराष्ट्राला असल्या प्रकाराचं काही नवल राहिलेलं नाही. इथे माणसं एका बाजूला जातात, नाव आणि चिन्ह दुसऱ्या बाजूला, आणि मूळ आम्हीच म्हणून दोन्हीकडून शपथपत्रांचे गठ्ठे जातात. तुमच्याकडे तेवढीही यातायात झाली नाही. स्टीव्हन अ‍ॅडलरला १९९० मध्ये काढलंत, इझी स्ट्रॅडलिन १९९१ मध्ये कंटाळून गेला, स्लॅश १९९६ ला आणि डफ मकेगन १९९७ ला. नावाचे हक्क तोवर कागदोपत्री तुमच्याकडे आलेच होते. निवडणूक आयोग नाही, सुनावणी नाही, तारीख पे तारीख नाही. तारखा आल्या त्या पुढे, अल्बमच्या.

तो अल्बम. 'चायनीज डेमोक्रसी'. नव्वदीच्या मध्यात काम सुरू, २३ नोव्हेंबर २००८ ला बाजारात. दरम्यान खर्च १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्येच छापलं होतं. निर्माते आले नि गेले, वादक आले नि गेले. बकेटहेड नावाचा गिटारवाला डोक्यावर चिकनची बादली आणि तोंडावर पांढरा मुखवटा घालून वाजवायचा. त्याला सुचावं म्हणून स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं उभारून दिलं होतं म्हणतात. क्वीनच्या ब्रायन मेंकडून एक सोलो वाजवून घेतलात आणि अंतिम अल्बममधून काढून टाकलात. ब्रायन मेंचा! आमच्याकडे वसंतराव देशपांड्यांकडून तान घेऊन 'नंतर बघू' म्हणणारा संगीतकार हुडकावा लागेल.

शेवटी डॉ. पेपर या शीतपेयवाल्यांनी जाहीर केलं की २००८ संपायच्या आत अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, फक्त स्लॅश आणि बकेटहेड वगळून. अल्बम आला. एका दिवसात अख्खी अमेरिका कूपनासाठी धावल्यावर कंपनीची वेबसाइट बसली आणि तुमच्या वकिलांनी कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. इतक्या वर्षांच्या विलंबाची वसुली एका थंड पेयाकडून करणारा कलावंत विरळाच.

आता एक अप्रिय गोष्ट. अल्बम वाईट नव्हता. 'देअर वॉज अ टाइम' मी अजून ऐकतो, रात्री, हेडफोन लावून, जुन्या मित्रांना न सांगता. पण प्रत्येक गाण्यात इतके थर की ऐकताना वाटतं, यातल्या एकाही थराला कुणी 'पुरे' म्हटलेलं नाही. तुम्हाला 'पुरे' म्हणू शकणारी माणसं तुम्ही आधीच गमावून बसला होता.

'स्वीट चाइल्ड ओ' माइन' कसं झालं ते तुम्हीच आठवा. लॉस एंजेलिसचं भाड्याचं घर. खाली स्लॅश बोटं मोकळी करायला एक वाकडातिकडा सराव वाजवतोय, निम्मा चेष्टेत. इझी त्याखाली कॉर्ड लावतो, बाकीचे त्यात शिरतात. तुम्ही वरच्या खोलीत ते ऐकता आणि शब्द लिहायला घेता. स्लॅशला ते गाणं कितीतरी वर्षं आवडायचं नाही. तरी १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं तुमचं गाणं तेच, आणि तेवढं एकच. एकाची चेष्टा दुसऱ्याने गंभीरपणे घ्यावी आणि तिसऱ्याने त्यात बिनविचारता हात घालावा, तो तुमचा बँड होता. मूळ पाच जणांत सर्वांत चांगला गळा तुमचा, यात वाद नाही. पण गळ्याखाली कोण उभं आहे यावर तो कुठे पोचणार हे ठरत होतं. नाव तुम्ही जपलंत. मधे मधे करणारी माणसं तेवढी जपली नाहीत.

उशिरा येण्याबद्दल मी फार बोलणार नाही, त्यावर लिहून लिहून लोकांची बोटं झिजलीत. १९९१ मध्ये सेंट लुइसजवळ कॅमेरा बघून प्रेक्षकांत उडी मारलीत, मग निघून गेलात, दंगल झाली आणि पुढच्या अल्बमच्या आभारात त्या शहराला शिवी छापलीत. पुढच्या वर्षी माँट्रियलला तुमच्या आधी वाजवणाऱ्या मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड रंगमंचावरच भाजला, त्यांना कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. दुसऱ्या कुणी त्या रात्री जरा लवकर येऊन लोकांना सावरून घेतलं असतं. तुम्ही वेळ घेऊन आलात आणि घसा बरा नाही म्हणून वेळेआधी गेलात. पुन्हा दंगल.

मला खुपतं ते वेगळंच. मे २०१६ मध्ये तुम्ही एसी/डीसी या बँडसाठी गायला उभे राहिलात, म्हणजे बसलात, कारण पाय मोडला होता. गायक-गिटारवादक डेव्ह ग्रोलने त्याच्या मोडक्या पायासाठी बनवलेल्या सिंहासनावर बसून, दुसऱ्यांची गाणी, आणि वेळेवर! मी अवाक झालो. म्हणजे घड्याळ कळत होतं तर.

त्याच वर्षी स्लॅश आणि डफ परत आले. दौऱ्याचं नाव 'नॉट इन धिस लाइफटाइम', म्हणजे जुना संच एकत्र येईल का यावर तुम्हीच पूर्वी फेकलेलं उत्तर. विनोद छान होता, ५८ कोटी डॉलरच्या वर कमाई करणारा. इझी आला नाही. लूट सारखी वाटायची तयारी दिसली नाही, असं त्याने लिहिलं. अ‍ॅडलर काही रात्री पाहुणा म्हणून ड्रमवर बसला, स्वतःच्याच घरी पाहुणा.

मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर तीच टोपी अखेर प्रत्यक्ष दिसली. मी ओरडलो, शेजारचा कुणी अनोळखी सद्गृहस्थ माझ्या खांद्यावर रडला. तुमचा आवाज वरच्या पट्टीत कधी पोचला, कधी खालूनच नमस्कार करून गेला. वयाने व्हायचंच, त्याबद्दल काही नाही.

पण मग घरी येऊन हिशेब मांडला. तुम्ही तिघं पुन्हा एका मंचावर आल्यापासून जी नवी म्हणून गाणी दिलीत, ती कुठली? २०२१ चं 'अब्सर्ड' तुम्ही २००१ मध्ये दुसऱ्या नावाने वाजवलेलं आहे. 'हार्ड स्कूल', 'परहॅप्स', 'द जनरल' ही सगळी त्याच जुन्या कोठारातली, वर स्लॅश नि डफच्या हाताची फोडणी. माणसं परत आणलीत आणि त्यांना जुन्या बाडांवर रंग मारायला बसवलंत. स्लॅश खाली बसून अजूनही बोटं मोकळी करत असेल हो! जरा जिन्यात उभे राहून ऐका की.

माझी मागणी मोठी नाही. चौदा थर नकोत, खुराडं नको. एक खोली, तिघं, जमल्यास पाच, आणि तुमचा एक शब्द खोडायची परवानगी बाकीच्यांना. गाणं वाईट झालं तरी चालेल. शिव्या घालायला तरी ताजं काहीतरी मिळेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ताणलेल्या टेपचा एक मालक

ता. क. : या पत्राची एक प्रत इझी स्ट्रॅडलिन यांनाही द्यायची आहे. त्यांना तुमच्यामार्फत पाठवली तर २०३८ च्या आसपास मिळेल, म्हणून वेगळी टाकतो आहे.