रिपोर्टअप्पा

पुण्याच्या मंडई विद्यापीठात पूर्वी एकच विषय शिकवला जाई, तो म्हणजे राजकारण. महापौर कोण होणार इथपासून दिल्लीत कोणाची खुर्ची डुगडुगतेय इथपर्यंत सगळे निकाल टिळकांच्या पुतळ्याच्या आसपास, गवारीच्या भावाबरोबरच जाहीर होत. अलीकडे या विद्यापीठाने गुपचूप वैद्यकीय शाखाही उघडली आहे. तिला वर्ग नाहीत, परीक्षा तर मुळीच नाही. विभागप्रमुख मात्र आहेत. हातात कापडी पिशवी, त्या पिशवीत आणखी दोन पिशव्या, खिशात चष्मा आणि मोबाइलमध्ये स्वतःचे, बायकोचे, मेहुणीचे आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचे रक्ताचे रिपोर्ट.

हे रिपोर्टअप्पा. ही जात एका माणसावर संपत नाही. प्रत्येक पेठेला एक असतोच, सदाशिवला जागेअभावी दोन. मी सांगतोय ते शुक्रवार पेठेतले.

अप्पांनी थायरॉईड हाच विषय का घेतला, याला कारण आहे. साखरेचा रिपोर्ट कोणालाही कळतो. आकडा वाढला म्हणजे साखर वाढली, त्यात विद्वत्तेला वाव तो काय? थायरॉईडचं तसं नाही. टीएसएच वाढला तर थायरॉईड मंदावलेलं असतं आणि टीएसएच तळाला गेला तर थायरॉईड उधळलेलं. असा उलटा हिशोब ज्या शास्त्रात आहे, ते पुण्यात रुजणारच. शिवाय थायरॉईड मंदावल्याची लक्षणं म्हणजे थकवा, वजन वाढणं, केस गळणं, आळस आणि चिडचिड. यातलं एकही नाही असा माणूस मंडईत दुपारी साडेबाराला शोधून दाखवा.

अप्पा उभं आयुष्य लेखापरीक्षणात होते. रिपोर्ट हाती आला की ते नाव वाचत नाहीत, वय वाचत नाहीत, थेट ठळक अक्षरातला आकडा गाठतात. ठळक म्हणजे आक्षेप, आणि आक्षेप म्हणजे वसुली. माणसाला काय होतंय हा प्रश्न लेखापरीक्षणात कधी येत नव्हता, तो इथेही येत नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, पण मला काहीच होत नाहीये." त्यावर अप्पा म्हणाले, "तुम्हाला काय होतंय ते तुम्ही नका ठरवू. इथे ६.२ आलंय."

त्या ६.२ ची कथा सांगितलीच पाहिजे. काकूंच्या मुलाने वाढदिवसाला आईला साडीऐवजी 'फुल बॉडी पॅकेज' दिलं. (हल्ली मुलं प्रेम असं व्यक्त करतात. सकाळी सातला एक अनोळखी मुलगा येऊन दंडाला रबर बांधतो.) त्यात टीएसएच ६.२ आला. टी-फोर अगदी मर्यादेत. अप्पांनी जागच्या जागी निकाल दिला, "गोळी. आयुष्यभराची." काकू दोन दिवस देवघरापुढे बसून होत्या. मग डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, घरात कोणाला थायरॉईड आहे का, सगळं विचारलं, गळा चाचपला आणि सांगितलं की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, बरोबर अँटी-टीपीओ ही तपासणीही करू. टीएसएच कधी तात्पुरताही चढतो. वय वाढलं की थोडा वर राहतो. १० च्या खाली असेल, टी-फोर नीट असेल आणि त्रास नसेल, तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवलेलं पुरतं. घरात सून दिवसांची असती तर गोष्ट निराळी, तिथे इतकं थांबून चालत नाही. हे ऐकून काकू हलक्या झाल्या. अप्पा मात्र आठवडाभर तणतणत होते. "फी घेतली आणि गोळी दिली नाही! पावती घेतली का?"

विरोधाची मंडईत परंपराच आहे म्हणा. १८८६ साली ही इमारत उभी राहिली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव रे मार्केट होतं. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा कशाला, तो शिक्षणावर खर्च करा, म्हणून नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. आज मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे अप्पांचा हिशोब पक्का आहे. आज आपण डॉक्टरांना विरोध करत राहिलो, तर उद्या दवाखान्याला आपलं नाव.

त्यांच्या ज्ञानाला कमी लेखू नये. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉईडचं संप्रेरक स्फटिकरूपात वेगळं केलं, हे अप्पा तारखेसकट सांगतात. २०१३ साली देशातल्या आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि प्रौढांपैकी साधारण ११ टक्क्यांचं थायरॉईड मंदावलेलं निघालं, हेही त्यांना पाठ आहे. त्यात मुंबई होती, गोवाही होता, पुणं नव्हतं. अप्पांना ११ टक्क्यांचं काही वाटलं नाही. "पुणं वगळून काढलेला आकडा हा आकडाच नव्हे," एवढंच ते म्हणाले आणि पाहणी रद्द झाली.

लॅबच्या मर्यादांवर तर त्यांचा विशेष अभ्यास आहे. एका लॅबच्या कागदावर वरची मर्यादा साडेचार असते, दुसरीच्या साडेपाच. त्यामुळे बाजीराव रस्त्यावर आजारी असलेला माणूस शिवाजी रस्त्यावर येईपर्यंत ठणठणीत होतो. यंत्रं आणि पद्धती वेगळ्या असल्या की असं होतं, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळेला रक्त द्यावं. टीएसएच रात्री आणि पहाटे चढता असतो, दुपारी उतरतो. अप्पा हे जाणतात आणि म्हणूनच तीन लॅबमध्ये तीन वेळांना तपासून सरासरी काढतात.

पण अप्पांचं खरं रणांगण म्हणजे कोबीचा ओटा.

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल. थायरॉईडवाल्यांनी यांकडे पाहूसुद्धा नये, असा अप्पांचा फतवा आहे. कोणी बाई कोबीला हात घालते न घालते तोच मागून आवाज येतो, "घरात थायरॉईड आहे का कोणाला?" बाई दचकते, कोबी खाली ठेवते. खरं तर मिठातून आयोडीन मिळत असेल आणि भाजी शिजवून, माणसं खातात तेवढी खाल्ली, तर कोबीने बिघडत काही नाही. गंमत म्हणजे अप्पांनी स्वतःच्या घरातलं आयोडीनचं मीठ कधीच हद्दपार केलंय आणि सैंधव आणलंय, नैसर्गिक म्हणून. म्हणजे कोबीत दोष शोधायचा आणि आयोडीन दाराबाहेर ठेवायचं.

ओट्यावरच्या मावशी एक दिवस कावल्या. कोबीच्या ढिगामागून खाली वाकून म्हणाल्या, "अप्पा, गिऱ्हाईक तोडू नका. मला सोताला थायरॉईड हाय. मी कोबी खाते, इकते बी."

अप्पा हुरळलेच. नवीन रिपोर्ट! "किती आहे टीएसएच?"

"मागच्या येळंला तीन का साडेतीन."

"पण टीएसएच म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का?"

मावशींनी कोथिंबिरीवर पाणी मारलं आणि म्हणाल्या, "ह्ये बगा. माल आला न्हाई की मी मार्केट यार्डात आडत्याला फोन लावते. तरी न्हाई आला की परत लावते. धा-धा येळा लावते. ते फोन म्हंजे तुमचा टीएसएच. डोक्यातनं गळ्याला लावलेला फोन. आन् माल म्हंजे टी-फोर. फोन लई झाले म्हंजे माल कमी येतोय. माल उतू चालला तर मी कशाला फोन लावू?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. अप्पांनी चष्मा काढून पुसला. मी गेली काही वर्षं पिट्यूटरीची आकृती समोर ठेवून जे समजून घेत होतो, ते दोडक्यांच्या शेजारी उभं राहून समजलं.

"आणि काकूंसारखं?" मी विचारलं. "टीएसएच जास्त, टी-फोर बरोबर?"

"म्हंजे फोन जास्ती लागतायत, पर माल येतोय अजून. थोडं थांबून बगायचं."

"गोळी कधी घेता?"

"साडेतीनला उठले की. तांब्याभर पानी. मग गुलटेकडीला जाते माल घ्यायला, तिथं पोचल्यावर च्या. कॅल्शियमची गोळी पार रात्री, भाकरीनंतर. सिस्टरनं दम दिलाय."

अप्पा गप्प झाले. हे अप्पांच्या बाबतीत फार क्वचित घडतं, म्हणून मी घरच्या काकूंना, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवतींना विचारलं. तेव्हा आतली गोष्ट बाहेर आली. विभागप्रमुखांचा स्वतःचा टीएसएच वर्षभर आठ-नऊच्या खाली उतरलेला नाही. गोळी चालू आहे, नेमाने चालू आहे. पॅकेजवर सवलत असल्यामुळे अप्पा दर पंधरवड्याला रक्त देतात, आकडा तसाच येतो आणि वहीतला आलेख आणखी एक चौकोन पुढे सरकतो.

शेवटी काकू त्यांना शनिपाराजवळच्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेल्या. अप्पांनी तीन रंगांचा आलेख टेबलावर पसरला. लाल टीएसएच, निळा टी-फोर, हिरवा पगारी रजा असल्यासारखा सरळ जाणारा टी-थ्री. बाईंनी तो कौतुकाने पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "अप्पा, गोळी कशी घेता?"

"सकाळी. ठीक सहाला."

"कशाबरोबर?"

अप्पा आढ्याकडे पाहू लागले. उत्तर काकूंनी दिलं, "दुधाच्या चहाबरोबर. आणि कॅल्शियम त्याच घोटात. शिवाय केसांसाठी मुलीने आणलेली बायोटिनची गोळी."

केसांच्या उल्लेखाने अप्पा हलले, कारण तो विषय त्यांच्याकडे फारसा उरलेला नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम, लोह यांच्यात चार तासांचं अंतर. बायोटिनने काही यंत्रांवर आकडे फसवे येतात, टीएसएच खोटा कमी दिसतो, तेव्हा तपासणीआधी दोन दिवस तरी ते बंद. डोस सध्या आहे तेवढाच. आणि पुन्हा रक्त सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नाही, कारण शरीराला नव्या हिशोबात स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

"पण मी दर पंधरा दिवसांनी…"

"त्याने लॅबची तब्येत सुधारते," बाई म्हणाल्या.

काकूंच्या म्हणण्याप्रमाणे अप्पांनी परतीच्या वाटेवर एक शब्द काढला नाही. फक्त कोपऱ्यावरच्या अमृततुल्यापाशी थांबले, घड्याळ पाहिलं आणि पुढे चालू लागले. काकूंच्या तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात असं प्रथमच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिळकांच्या पुतळ्यापाशी वर्ग भरला होता. "गोळी उपाशीपोटी!" अप्पा बजावत होते. "चहा तासाने. कॅल्शियम रात्री. काल डॉक्टरांना मी हेच म्हटलं." मग श्रोत्यांचा घोळका मागे घेऊन ते आत शिरले, थेट कोबीच्या ओट्यापुढे उभे राहिले आणि एक गड्डा उचलून त्यांनी हातात तोलला. मावशींनी भुवया उंचावल्या.

"काय भाव?"

"चाळीस किलो."

"चाळीस ही वरची मर्यादा झाली. खालची सांगा."

"अप्पा," मावशी तागडी पुढे ओढत म्हणाल्या, "हितं यकच आकडा असतो. आन् तो ठळकच असतो."