पाटीकाका

बदलापुरात कात्रपला राहणारे पाटीकाका निवृत्त झाल्यापासून एकाच उद्योगाला लागलेत: एखाद्या रस्त्याला बालसाहित्यिकाचं नाव मिळवून देणं. गावात पुतळेवाले, उत्सववाले, वाढदिवसाच्या फ्लेक्सवाले पुष्कळ. पाटीवाले हे एकटेच. खांद्याला पिशवी, पिशवीत अर्जांच्या झेरॉक्स, आणि प्रत्येकीवर आवक शिक्का. शिक्का नसलेल्या कागदाला ते कागदच मानत नाहीत.

त्यांचं दैवत भा. रा. भागवत. नगरसेवकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपल्या गावचे का?" भागवत जन्मले इंदुरात, 1910 साली. त्यांच्या गोष्टींचा नायक फास्टर फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. काका डगमगत नाहीत. "साहेब, पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी कुठून जाते? कर्जत, बदलापूर, कल्याण! माणूस आपल्या दारावरून गेलाय. गाडी इथे थांबली नसेल, तर तो दोष रेल्वेचा." बदलापूरकराला हा मुद्दा पुराव्याशिवाय पटतो.

भागवतांनी 'बालमित्र' मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, हे काका धडाधड सांगतात. समोरच्याला मात्र भागवत म्हटलं की सप्ताहच आठवतो. म्हणून काकांनी अर्ज बदलला: 'फास्टर फेणे मार्ग'. त्यावर एकाने विचारलं, "फेणे स्वातंत्र्यसैनिक होते का?" दुसऱ्याने हळूच विचारलं, "फेण्यांची मतं किती आहेत वॉर्डात?"

साने गुरुजींचं नाव घ्या, कुणी नाही म्हणणार नाही, असं सुचवलं की काका उसळतात. "मुंबईत आर्थर रोडला गुरुजींचं नाव दिलं. झालं काय? तुरुंग अजून आर्थर रोडचाच! 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, 1933 साली. आणि रस्ता दिला तोही तुरुंगाचा!" या रागापुढे मी तरी गप्प बसतो.

खरं तर या पट्ट्यात नावं ठरावाला विचारून बसत नाहीत. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना बंद पडला, नाका मात्र विमकोच राहिला. उल्हासनगरात लष्कराच्या छावणीत फाळणीचे निर्वासित आले, त्याला आता पाऊणशे वर्षं उलटली, तरी माणूस 'कॅम्प चारला राहतो'. काकांना हे सांगून पाहिलं. त्यांनी ते एका नव्या अर्जात मुद्दा क्रमांक सात म्हणून घातलं.

ठरावाची वाट न बघता काका स्वतःच्या पत्त्यात 'फास्टर फेणे मार्ग' लिहू लागलेत. टपाल बिनचूक येतं, पिन कोडच्या कृपेने. परवा पार्सलवाल्या पोराचा फोन आला. पोरगा उल्हासनगरचा.

"काका, हा फेणे मार्ग कुठल्या कॅम्पात येतो?"

काकांनी त्याला भागवतांचं चरित्र इंदूरपासून ऐकवायला घेतलं. 'बालमित्र'पर्यंत पोचले तेव्हा पोरगा म्हणाला, "पार्सल परत पाठवू का?"

"थांब, थांब! मेडिकलच्या मागे, पिवळी बिल्डिंग."