भरती सॉफ्टवेअरला नेमणुकीपूर्वीचे पत्र

प्रिय भरती सॉफ्टवेअर यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विक्रेत्याने परवा आमच्या साहेबांना लॅपटॉपवर आपला चमत्कार दाखवला. हजार अर्ज चहा निवायच्या आत चाळून होतात आणि खर्च एका कारकुनाच्या पगाराइतका, हे ऐकून साहेब हरखले. आम्ही मात्र मनुष्यबळ विभागातली जुन्या वळणाची माणसं. उमेदवार आला की आधीच्या ठिकाणी चौकशी करतो. तशी आपलीही केली, राग नसावा.

आपल्या थोरल्या भावाने २०१४ पासून ॲमेझॉनमध्ये उमेदवारी केली, असं कळलं. त्याला कंपनीकडे आलेले दहा वर्षांचे अर्ज वाचायला दिले होते, बहुतेक पुरुषांचे. पोरगं हुशार! कंपनीला काय आवडतं ते त्याने न विचारता ओळखलं आणि ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ असं काही दिसलं की गुण कापायला लागलं. फक्त मुलींच्या दोन कॉलेजांच्या पदवीधरही खाली ढकलल्या गेल्या. हाच निकष लावायचा तर आमच्या साहेबांना मुलाखत घ्यावी लागते, ‘लग्नानंतर काय विचार आहे?’ असं तोंडाने विचारावं लागतं, वर समोरचीचा चेहराही बघावा लागतो. केवढा वेळ वाचेल! ॲमेझॉनने मात्र तो प्रकल्प गुंडाळला. कदर नाही लोकांना.

दुसरे नातलग ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या आयट्यूटरग्रुपकडे होते. अमेरिकेच्या समान संधी आयोगाचं म्हणणं असं, की पंचावन्न गाठलेल्या बायका आणि साठीला आलेले पुरुष ते आपोआप नाकारायचे. कुणीतरी तोच अर्ज अलीकडची जन्मतारीख टाकून पुन्हा भरला, तर मुलाखतीचं बोलावणं आलं! २०२३ साली तडजोडीत ३,६५,००० डॉलर गेले. ही रक्कम आपल्या कोटेशनच्या कुठल्या रकान्यात बसते, ते विक्रेत्याने सांगितलं नाही.

नोकरीत सहा महिन्यांहून जास्त खंड असला की आपण अर्ज गाळता, हेही कौतुकाने सांगितलं गेलं. आमच्या हिशेबखात्यातल्या बाई सासूबाईंच्या आजारपणात दीड वर्ष घरी होत्या. जीएसटीचा सगळा घोळ त्यांनीच निस्तरला. आपण असता तर त्या आल्याच नसत्या. पण जागा लवकर भरली असती, हे मान्य.

न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून आपल्या जातभाईंची पक्षपातासाठी दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या कारखान्यात अशी वार्षिक तपासणी बॉयलरची होते.

तेव्हा सहा महिने प्रोबेशन. मुलाखतीच्या वेळा जुळवायच्या, अर्जाची पोच द्यायची आणि कुणाला घेतलं नाही तर तसं कळवायचं. हे शेवटचं काम आमच्याकडे आजवर कुणीच केलेलं नाही. अर्ज मात्र आम्हीच वाचू.

आपले नम्र,
मनुष्यबळ विभाग

ता. क. साहेबांची एकच शंका होती: त्यांच्या भाच्याचा अर्ज आला तर आपली चाळणी बाजूला ठेवता येते का? विक्रेता म्हणाला, येते. पण ती सोय प्रीमियम पॅकेजमध्ये आहे. साहेब तेच घ्या म्हणतात.