नाव कमी होण्याआधी

लातूरच्या कुठल्याही माणसाला होडीचं चित्र काढायला सांगा, तो काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, तिथून थेट आपल्या अंगणात येणारी नदी आणि नदीत शिडाची होडी. चौथीपर्यंत आम्ही सगळ्यांनी ही होडी काढली, रंगवली आणि दहापैकी सात गुण मिळवले. प्रत्यक्षात ती कुणीच पाहिलेली नव्हती. डोंगरही तसे नव्हते म्हणा. सूर्य तेवढा खरा होता, आणि लातुरात तो गरजेपेक्षा जरा जास्तच खरा असतो.

आमच्या शेजारचे सर गणित शिकवून निवृत्त झाले. तीन प्रकरणांवर त्यांचा फार जीव: आगगाडी आणि फलाट, टाकी आणि नळ, नाव आणि प्रवाह. पैकी पहिली दोन त्यांच्या डोळ्यांदेखत एकदमच सिद्ध झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. गल्लीतली माणसं घागरींचा हिशोब करत होती तेव्हा सर स्टेशनवरून परतले ते लग्नाहून आल्यासारखे. "गाडी आणि टाकी एकाच गणितात! पेपर काढणाराला सुचलं नसतं हो!"

राहिली फक्त नाव. 'संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ८ किलोमीटर असून' हे वाक्य त्यांनी हजारो पोरांना घातलं, पण स्वतः कधी होडीत पाय घातला नव्हता. गेल्या मार्गशीर्षात ते सकाळीच दारात उभे राहिले.

"तुमच्याकडं कॅमेरा आहे ना? नांदेडकडं गोदावरीच्या काठाला एक जुनी लाकडी नाव आहे म्हणे. आपला एक विद्यार्थी तिकडं कंडक्टर आहे, त्यानं सांगितलं. संक्रांतीनंतर मोडणार आहेत."

माझा कॅमेरा मुलाने घेऊन दिलेला. त्याने तोवर तीन बारशी आणि एक वास्तुशांत एवढंच जग पाहिलं होतं. मी म्हणालो, "सर, शिडाची नाव बघायची तर कोकणात जाऊ. तिकडं मचवे, गलबतं, फतेमाऱ्या असं सगळं होतं. अजूनही एखादी कुठल्या तरी खाडीत सापडेल."

"कोकणातल्या माणसाचा एक मचवा मोडला तर तो दुसरा बघतो," सर म्हणाले. "आपल्याकडं एक मोडली की धडा संपला."

लाल एसटीने निघालो. चाकूर, अहमदपूर बिनबोभाट गेलं आणि माळेगावला गाडी थांबली ती थांबलीच. खंडोबाची यात्रा भरलेली. घोडे, गाढवं, उंट, त्यांचे मालक, मालकांना उगाच भाव विचारणारे आणि एकूण सगळ्यांकडे बघायला आलेले, असा सारा मुलूख रस्त्यावर. एका उंटाने सरांच्या खिडकीशी तोंड आणलं आणि तो शांतपणे रवंथ करत राहिला. "वाळवंटातलं जहाज," सर पुस्तकातलं वाक्य म्हणाले. "काढा फोटो. सुरुवात तर झाली." मी काढला. त्यात उंटाचे दात तेवढे आलेत.

नांदेड येण्याआधी विष्णुपुरीला धरणाचं पाणी दिसलं. त्याला शंकरसागर म्हणतात. तिकडे कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातलं तळं आहे, त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. मराठवाड्यात पाणी कमी असेल, पण जे आहे त्याला नाव देताना आम्ही हात आखडत नाही.

नांदेडला नगीना घाटावर चार नावा होत्या, चारही फायबरच्या. सरांनी एकीवर टिचकी मारली, टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीसारखा आवाज आला, आणि तो विषय तिथेच मिटला. घाटाची गोष्ट मात्र ऐकली. एका सावकाराने गुरू गोविंदसिंगांना मोलाचा नगीना भेट दिला आणि त्यांनी तो गोदावरीत फेकला. सावकार हळहळला, तेव्हा गुरू म्हणाले, जा, शोधून आण. तो पाण्यात उतरून बघतो तर तसे नगीने ढिगाने पडलेले. सर हात जोडून म्हणाले, "लातूरचा सावकार असता तर नगीन्यांकडं बघितलंही नसतं. आधी पाणीच भरून घेतलं असतं." मग लंगरमध्ये पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी उमरीकडच्या जीपमध्ये बसलो. नऊजणांच्या जागेत चौदाजण होते, त्यामुळे तोल जाण्याची भीती नव्हती. गावात उतरलो. पारावर सात-आठ माणसं बसलेली. सरांनी वर्गातल्या खड्या आवाजात विचारलं, "इथं जुनी नाव कुठं आहे?"

पारावर हालचाल झाली. एक तरुण उठला. "मयत का दुबार?"

"अं?"

"नाव हो. मयताचं कमी करायचंय का दुबार झालेलं?"

आमच्या गळ्यातला कॅमेरा आणि सरांच्या हातातली वही बघून मतदारयादीवाले आले अशी समजूत झाली होती. दोन मिनिटांत गर्दी जमली. एकजण म्हणाला, "आमच्या आजोबाचं नाव कमी करा म्हणून तीन वर्षं झाली सांगलालाव. वारले तरी यादीत हायेतच." एका बाईचं नाव माहेरीही होतं आणि सासरीही. तिचं म्हणणं, माहेरचं राहू द्या, सासरचं कमी करा. सर घाईघाईने म्हणाले, "ते नाव नव्हे हो, ती नाव! पाण्यातली!" हातांनी वल्हवूनही दाखवलं. तेव्हा एक म्हातारा हसत पुढे आला. "भोयाची म्हना की. ती कवाच पान्यातून कमी झाली. चला."

नाव त्या मामांचीच होती. घरामागे चिंचेखाली पालथी पडलेली. पंधरा-सोळा हात लांब, उन्हापावसाने राखेच्या रंगाची झालेली, फळ्यांच्या फटींतून वाळून सुटलेलं डांबर, जागोजागी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची ठिगळं. खिळ्यांच्या गंजाचे ओघळ काजळ उतरल्यासारखे खाली आले होते. बुडावर, म्हणजे आता छपरावर, गोवऱ्या थापलेल्या. नाळेला शेळी बांधलेली. आत खुडूक कोंबडी.

"किनवटचं सागवान," मामा म्हणाले. "पोलिस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी आमच्या बापानं केली." म्हणजे १९४९. सरांनी वहीत लिहून वजाबाकी केली आणि नावेकडे जरा आदराने पाहिलं, कारण ती त्यांच्याहून वडील निघाली.

"आणि शीड?" मी विचारलं. चौथीतलं चित्र डोक्यातून जात नव्हतं.

"शीड कशाचं! वारा पाठीशी असला की दोन वेळूंना चवाळं बांधायचं. एकदा एका पाव्हन्याचं धोतर बांधलं. पाव्हना बसला काठावर, नाव गेली पल्याड."

सर आता मूळ मुद्द्यावर आले. "मामा, संथ पाण्यात हिचा वेग किती?"

"भरली की निघायची."

"तसं नव्हे. प्रवाहाच्या दिशेनं जाताना समजा दोन तास लागले, तर उलट येताना किती?"

मामांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "गुर्जी, खाली कशाला जाईन मी? खाली तेलंगणा हाय. आमी नदीत जात नवतो, नदी वलांडत होतो. ह्या काठावरचं मानूस त्या काठाला."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. एवढी वर्षं त्यांनी होडी लांबीने चालवली होती आणि ती रुंदीने चालत होती. तरी धीर धरून म्हणाले, "बरं, ओलांडताना तरी. जायला आणि यायला सारखाच वेळ?"

"छ्या! बाजारच्या दिशी जाताना मानसं शुद्धीत ऱ्हायची. येताना निम्मी उचलून ठिवावं लागायची."

आम्ही काठावर गेलो. पाणी आरशासारखं स्थिर. खाली बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे चौदा दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, मग बंद होतात. म्हणजे पूर असताना नदी वाहते आणि तहान लागायच्या वेळी साठते. कधी काय करायचं याची तारीख तिला दिल्लीहून आली आहे. सरांनी वाळलेलं पान पाण्यात टाकलं. ते होतं तिथेच राहिलं. सर हळूच म्हणाले, "प्रवाहाचा वेग शून्य," आणि त्यांनी वही मिटली.

आता फोटो. पण मामी गोवऱ्या हलवू देईनात. अजून ओल्या होत्या. चार वाजेपर्यंत थांबलो. तेवढ्या वेळात मोडण्याचं कारण कळलं. पूल झाला, गिऱ्हाईक गेलं, आणि तालुक्याच्या सुताराने चौकटींसाठी लाकडाचा इसार दिला. नातू लातूरला नीटच्या क्लासला, त्याच्या खोलीचं भाडं त्यातून जायचं होतं. "तुमच्याच गावाला हाय की. परवा फोनवर म्हनला, आजोबा, हितं नावेचं गनित लई अवघड जालालंय." सरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"पन सायेब," मामा माझ्याकडे वळले, "एक काम करा. नातवाची व्हॅलिडिटी अडकली. भोई असल्याचा एकसष्टच्या आधीचा पुरावा मागतेत. कागद कुठला आनू? व्हते ते उर्दूत, ते वाळवीनं वाचले. पन ही तर एकोनपन्नासची हाय! हिचा फोटो लावतो. मी शेजारी बसतो."

मला पटलं. व्हॅलिडिटीच्या कचेरीला पटेल का, हा विचार तेव्हा शिवला नाही. मामींनी गोवऱ्या काढल्या. सूर्य कलला होता, फळ्यांवर तिरपं ऊन आलं होतं, सगळ्या भेगा उठून दिसत होत्या. असा प्रकाश बारशात मिळत नाही. मी गुडघ्यावर बसलो, आणि मामांचे धाकटे बंधू आले. त्यांच्या मुलीचीही व्हॅलिडिटी होती. मग चुलतभाऊ, त्यांचे दोन मुलगे, मग भावकी, मग भावकीची सोयरीक. प्रत्येकाचं म्हणणं एकच: नाव सगळ्यांच्या बापजाद्यांची, फोटो सगळ्यांच्या कामाला येईल. नावेवर बसले, समोर उभे राहिले, पुढे पोरं मांडी घालून बसली. एकाने वल्हं आणून मामांच्या हातात दिलं. सरांनाही मध्ये ओढलं, गुर्जी असले की कागदाला वजन येतं म्हणून. मी ओरडत होतो, "जरा बाजूला व्हा, मागचं दिसू द्या," आणि बाजूला झालेल्या जागेत दोन माणसं नवीन येत होती.

गर्दी हटली तेव्हा अंधार पडला होता. एकट्या नावेचा एक फोटो आहे माझ्याकडे. त्यात एक काळा उंचवटा दिसतो आणि कोंबडीचा एक डोळा.

लातूरला येऊन तो मोठा फोटो चांगल्या कागदावर छापला आणि नातवाच्या खोलीवर नेऊन दिला. सरही आले होते. त्याला ते आता रविवारी फुकट शिकवतात, नाव रुंदीने चालवून. संक्रांत झाल्यावर पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला.

"सायेब, सुतार येऊन गेला. चौकटी झाल्या बी."

"आणि फोटो? लावला का अर्जाला?"

"लावला की. कचेरीतले सायेब लई वेळ बघत बसले. म्हनले, फोटो झकास हाय, मानसं बी भरपूर हायेत. पन मामा, ह्यात नाव कुठाय?"