साचेबहाद्दर

संगणकावर उपजीविका करणाऱ्या मंडळींमध्ये एक वर्ग असा आढळतो की, कोणतेही काम दुसऱ्यांदा करावे लागणे हा त्याला आपल्या बुद्धीचा अपमान वाटतो, आणि तो अपमान टाळण्याच्या तयारीत पहिल्यांदा करायचे कामही तो महिनोन्महिने लांबणीवर टाकू शकतो. या वर्गाला सोयीसाठी साचेबहाद्दर म्हणता येईल. हुद्द्याने तो सर्व्हर सांभाळणारा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल, प्रोग्रॅमर असेल, किंवा डेव्हऑप्स या भारदस्त नावाखाली दोघांचीही उष्टी काढणारा असेल. परंतु त्याची खरी ओळख हुद्द्यावरून पटत नाही, ती त्याच्या काळ्या पडद्यावरून पटते. या पडद्याला टर्मिनल म्हणतात. त्यात चित्रे नसतात, बटणे नसतात, केवळ आज्ञा टंकायच्या आणि उत्तर वाचायचे असते, आणि माउसला हात लावणाऱ्याविषयी साचेबहाद्दराच्या मनात, पाट्यावरची चटणी सोडून मिक्सरकडे वळलेल्या सुनेविषयी सासूच्या मनात असतो तेवढाच आदर असतो.

त्याची सारी स्थावरजंगम मालमत्ता म्हणजे कॉन्फिगरेशन फाइली. प्रोग्रॅमने अक्षरे केवढी दाखवावीत, कोणती कळ दाबल्यावर काय घडावे, कोणत्या सर्व्हरशी कोणत्या नावाने बोलावे, अशा सूचना ज्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवलेल्या असतात, त्यांना हे नाव आहे. युनिक्स आणि त्याच्या वंशातील प्रणालींवर वैयक्तिक पसंतीच्या अशा फाइलींची नावे बहुधा टिंबाने सुरू होतात, म्हणून त्यांना डॉटफाइल म्हणतात, आणि फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा त्यांना सहसा वगळते. हे वगळणे कोणा द्रष्ट्याने योजलेले नव्हते. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिल्याप्रमाणे, एक टिंब आणि दोन टिंबे अशा नावांच्या दोन नोंदी यादीत दिसू नयेत एवढाच मूळ हेतू होता. पण ती तपासणी फक्त पहिले अक्षर पाहणारी असल्यामुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव अदृश्य झाले, आणि ही चूक पुढे रूढी बनली. एकाच्या आळसातून निर्माण झालेल्या या अदृश्य जागेत दुसऱ्याने आयुष्यातील सर्वाधिक उद्योग ओतावा, हा दैवाचा न्याय म्हणावा लागेल. पाहुण्याला दाखवावे असे तिथे काही नसते. तरी साचेबहाद्दर ते दाखवतोच.

त्याच्याकडे एकच संगणक असता, तर प्रकरण इथेच मिटले असते. परंतु घरचा लॅपटॉप वेगळा, कचेरीचा वेगळा, भाड्याने घेतलेला एखादा सर्व्हर तिसराच, आणि या सर्वांवरील फाइली बव्हंशी सारख्या असूनही ईमेलचा पत्ता, अक्षरांचा आकार, पासवर्ड अशा चार ठिकाणी भिन्न असतात. या चार ठिकाणांसाठी साचा, म्हणजे टेम्प्लेट, लागतो. तहसील कचेरीतील छापील अर्ज ज्याने भरला आहे, त्याला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको: मजकूर कायम, नावगावाच्या जागा मोकळ्या, आणि अधूनमधून ‘लागू नसेल ते खोडावे’ ही सूचना. संगणकीय साच्यात मोकळ्या जागी बहुधा दुहेरी महिरपी कंसांत चलाचे, म्हणजे यंत्रागणिक बदलणाऱ्या किमतीचे, नाव लिहिलेले असते आणि खोडण्याचे काम जर-तरच्या अटी करतात. फरक इतकाच की, अर्जदार अर्ज भरून मोकळा होतो, साचेबहाद्दर मात्र अर्जाचा नमुना सुधारत बसतो.

या वृत्तीची वंशावळ जुनी आहे. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७७ मध्ये एम-फोर नावाचा मॅक्रो प्रोसेसर, म्हणजे मजकुरातील संक्षिप्त खुणांच्या जागी त्यांचा विस्तार भरून देणारा प्रोग्रॅम, लिहिला. पुढे एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे रचलेल्या सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमची कॉन्फिगरेशन फाइल इतकी दुर्बोध ठरली की, ती हाताने लिहिण्याऐवजी एम-फोरच्या साच्यातून घडवण्याचा प्रघात पडला, आणि घडलेल्या फाइलीच्या माथ्यावर, हिला हात लावू नये, मूळ साचा बदलावा, अशी ताकीद येऊ लागली. अवघड फाइल टाळण्यासाठी काढलेला साचा स्वतःही अवघड निघतो, हा या विद्याशाखेचा पहिला सिद्धांत तेव्हाच सिद्ध झाला. नंतर पपेट, अ‍ॅन्सिबल आदी साधनांनी शेकडो सर्व्हरांच्या फाइली साच्यांतून घडवायला सुरुवात केली, आणि तेथील गरज निर्विवाद होती. साचेबहाद्दराचे वैशिष्ट्य असे की, शेकडो सर्व्हरांसाठी जन्मलेली ही शिस्त तो दोन लॅपटॉपांना लावतो.

या घरगुती शिस्तीसाठी टॉम पेन यांनी लिहिलेल्या शेम्वा या टर्मिनलमधील साधनाचा त्याला मोठा आधार वाटतो. या साधनाची रीत अशी की, सर्व साचे एका स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. ‘एडिट’ ही आज्ञा दिली असता खरी फाइल न उघडता तिचा साचा उघडतो, ‘डिफ’ म्हटल्यावर काय बदलणार आहे ते दिसते, आणि ‘अप्लाय’ म्हटल्यावर त्या यंत्राला साजेशी फाइल घडून जागच्या जागी जाऊन बसते. रीत निर्दोष आहे. दोष असलाच तर तो माणसात आहे. अक्षरांचा आकार बारावरून तेरा करायचा झाल्यास सामान्य मनुष्य फाइल उघडतो, दोनाच्या जागी तीन लिहितो आणि चहाला जातो. साचेबहाद्दर साचा उघडतो, तेव्हा कचेरीतील मोठ्या पडद्यावर बाराच योग्य असल्याचे त्याच्या ध्यानात येते, म्हणून तो यंत्राच्या नावाची अट घालतो. मग यंत्राचे नाव पाहणे अशास्त्रीय असून पडद्याची रुंदी पाहणे हेच शास्त्रशुद्ध होय, असे त्याला वाटू लागते, आणि त्यासाठी तो एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. अटीमुळे घडलेल्या फाइलीत एक कोरी ओळ शिल्लक राहते. ती निरुपद्रवी असते, तरीही महिरपी कंसाशेजारी उणे चिन्ह नेमके कोणत्या बाजूला दिले असता ती गिळली जाते, याच्या शोधात संध्याकाळ होते. अखेरीस बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटमध्ये तो या कार्याची तीन परिच्छेदांची नोंद करतो, आणि टर्मिनल पुन्हा उघडल्यावर त्याला आढळते की, टर्मिनल मुळात ती फाइल वाचतच नाही, भलतीच वाचते.

घाईच्या दिवशी त्याच्याही हातून पाप घडते आणि तो खरी फाइलच थेट बदलून मोकळा होतो. पुढच्या खेपेस साधन त्याला निर्विकारपणे सांगते की, आपण लिहून गेल्यानंतर ही फाइल कोणीतरी बदललेली आहे, तेव्हा तिच्यावर पुन्हा लिहावे की कसे? हा कोणीतरी कोण, हे घरात त्याच्याखेरीज टर्मिनल उघडणारे कोणी नसतानाही तो बराच वेळ आठवत राहतो.

चलांच्या किमती कोणत्या स्वरूपाच्या फाइलीत ठेवाव्यात, हा त्याचा धर्मप्रश्न असतो. यॅमल या लोकप्रिय स्वरूपात ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, तिथे टॅबची कळ निषिद्ध असते, आणि त्याच्या १.१ या आवृत्तीत नकारार्थी ‘नो’ या शब्दाचा अर्थ ‘असत्य’ असा लावला जाई. परिणामी देशांच्या यादीत नॉर्वेची एन आणि ओ ही दोन अक्षरे अवतरणचिन्हांविना लिहिली असता तो देश असत्य ठरे. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा नियम मागे घेतला, तरी जुन्या वळणाचे अनेक प्रोग्रॅम तो पाळत राहिले. नॉर्वेशी काडीचाही संबंध नसलेला साचेबहाद्दर या अन्यायाविषयी इतक्या तळमळीने बोलतो की, ऐकणाऱ्याला त्याचे सासर ओस्लोचे असावे असे वाटते.

त्याच्या साच्यातील अटी नीट वाचल्या, तर त्याचे चरित्र लिहिता येते. एक अट तीन नोकऱ्यांपूर्वीच्या कंपनीतील इंटरनेटच्या बंधनांसाठी असते, दुसरी भंगारात गेलेल्या लॅपटॉपच्या बिघडलेल्या कळीसाठी, तिसरी कशासाठी हे त्यालाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती काढण्याचे धैर्य त्याला होत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र त्याची दैना होते, कारण आपल्या सोयीसाठी त्याने प्रत्येक कळीचा अर्थ इतका बदललेला असतो की, बदल न केलेल्या यंत्रावर त्याला फाइल जतन करतानाही अडखळायला होते. तरीही त्याची हेटाळणी करणारी कचेरी त्याच्याच जिवावर झोपते. मध्यरात्री सर्व्हर कोसळला की, तसाच दुसरा सर्व्हर अर्ध्या तासात उभा राहतो तो त्याच्या साच्यांमुळे, आणि सकाळी त्याचे श्रेय बैठकीत दुसऱ्यालाच मिळते.

त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क ज्या दिवशी मरते, तो त्याच्या तत्त्वज्ञानाच्या विजयाचा दिवस असतो. नव्या यंत्रावर तो एक आज्ञा देतो, आणि चहा निवायच्या आत रंग, कळा, अक्षरांचा आकार, सारे पूर्ववत होते; कोणत्या फोल्डरमध्ये काय असावे, तेही साचा बरोबर सांगतो. फोल्डर तेवढे रिकामे असतात, कारण काम कसे करावे याची तपशीलवार नोंद गिटमध्ये असली, तरी केलेल्या कामाची प्रत कुठेच ठेवलेली नसते. यावर त्याने योजलेला उपाय विवेकी आहे: यापुढे नियमित बॅकअप घ्यायचा. मात्र बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमलाही कॉन्फिगरेशन फाइल लागते, ती दोन्ही लॅपटॉपांवर किंचित वेगळी असावी लागते, आणि तिचा साचा अद्याप त्याच्या मनासारखा उतरत नसल्यामुळे पहिला बॅकअप व्हायचा आहे.