करपट

“कॉफीच्या नोट्स आहेत हिच्यात,” मी डोळे मिटून म्हणालो. टेबलावरचे तिघं भक्तिभावाने माझ्याकडे बघत होते. आमच्या कंपूत डब्लिनला जाऊन गिनेस बिअरचा कारखाना बघून आलेला मी एकटाच, आणि ही गोष्ट कोणी विसरणार नाही याची काळजी मी दोन वर्षं घेत आलोय.

खरं सांगायचं तर स्टाऊट पाणचट होती. फेस टेबलापर्यंत येतानाच विरला होता. पण साडेचारशे रुपयांच्या ग्लासाला पहिल्याच घोटात नावं ठेवायची, तर मग तज्ज्ञ कशाला बोलावला? म्हणून मी व्याख्यान लावलं. गिनेसचा फेस सायीसारखा धरतो तो नायट्रोजनमुळे. आर्थर गिनेसने 1759 साली तिथली जागा घेतली ती वर्षाला 45 पौंड भाड्याने, 9000 वर्षांच्या कराराने. (सदाशिव पेठेतले भाडेकरूसुद्धा इतका लांबचा विचार करत नाहीत.) छोट्या नमुन्यावरून मोठा निष्कर्ष कधी काढता येतो, याचं गणितही तिथल्याच गॉसेट नावाच्या नोकरदाराने बसवलं आणि 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. मी तर एका घोटावर निष्कर्ष काढला होता आणि वर तो लपवतही होतो.

दुसऱ्या घोटाला ग्लासातला वास ओळखीचा वाटला. स्टाऊटचा काळा रंग आणि कडूपणा येतो भाजलेल्या सातूमुळे. म्हणजे शेवटी ही भाजणीच. आणि भाजणीतलं मला डब्लिनपेक्षा जास्त कळतं, कारण आमची आई. तांदूळ वेगळा, हरभराडाळ वेगळी, उडीद वेगळे, ज्वारी-बाजरी वेगळी, धणे सगळ्यात शेवटी. कढई लोखंडी, आच मंद, हात थांबवायचा नाही. घड्याळ नाही, माप नाही. “वास सुटला की उतरवायचं,” एवढंच शास्त्र. खमंग आणि खरपूस यांच्यात किती वेळ जातो आणि खरपूस व करपट यांच्यात किती थोडा, हे तिच्या नाकाला ठाऊक. लहानपणी मी शेजारी बसून डाळं मटकावायचो आणि “झालं का?” विचारून तिला पिडायचो.

गेल्या मे महिन्यात सांगलीला तिने थालीपीठ लावलं. पहिल्याच घासाला मी म्हणालो, “करपलीय गं भाजणी.” नोट्स नाहीत, काही नाही. तिने डबा उघडला, नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

“मला नाही रे कळत आता,” ती म्हणाली.

निघताना तो डबा मी पिशवीत घातला. टाकायचा कसा?

“सर, कशी वाटली आमची स्टाऊट?” वाढणारा पोरगा वहीपेन घेऊन उभा होता. विशी-बाविशीचा असेल.

“कॉम्प्लेक्स आहे,” मी म्हणालो, आणि पाचांपैकी चार तारे रंगवले.

घरी पोचायला साडेअकरा झाले. फडताळातला डबा काढला, कांदा चिरला, थालीपीठ थापलं. करपटच लागलं. दोन खाल्ली.