सीझनपंडित

सीझनपंडित म्हणजे मुलांच्या मालिकेचा सीझन स्वतः कधीही न लावणारा, पण त्यातला एकही भाग न चुकवणारा आणि त्यावर पहिले मत आपलेच असे मानणारा मध्यमवयीन मराठी गृहस्थ. मराठी माणूस जिथे जिथे घराचे हप्ते भरतो तिथे तो आढळतो. न्यूझीलंडमध्ये मनुरेव्यात त्याची वाढ विशेष जोमदार होते. ऑकलंडच्या दक्षिणेकडचे हे उपनगर. नावाचा माओरी अर्थ वाऱ्यावर तरंगणारा पतंग. मराठी कानाला मात्र कुणीतरी मनू आणि रेवा या चुलत बहिणींना एका दमात जेवायला हाक मारल्यासारखे वाटते. पंडित वॉटल डाउन्स किंवा रँडविक पार्कच्या बाजूला राहतो, सदर्न लाइनच्या गाडीने कामाला जातो आणि संध्याकाळी परतल्यावर सोफ्याच्या कडेला अर्धवट टेकतो. नीट बसला तर आपण मालिका बघतोय हे सिद्ध होईल, अशी त्याला भीती असते.

अस्सल पंडित बघायचा तर २०२२ चा हिवाळा घ्यावा. त्या वर्षी ८ जून ते १३ जुलै या काळात डिस्ने प्लसवर ‘मिस मार्व्हल’चा सहा भागांचा सीझन आला. जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची कमला खान ही त्याची नायिका. नवा भाग कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री खुला व्हायचा. मनुरेव्यात तेव्हा बुधवारचे संध्याकाळचे सात वाजलेले असत. म्हणजे बाहेर अंधार, आत हीटर, तव्यावर पोळी. त्यामुळे एरवी पोरांनी आपापल्या खोलीत बघायची गोष्ट इथे ताटे वाढता वाढता सहकुटुंब बघितली गेली. पुण्यात त्या वेळी दुपारचे साडेबारा, म्हणून व्हिडिओ कॉलवर आजीही असायची. तिला ‘कमला’ एवढेच ऐकू जायचे. “कुठली कमला? पर्वतीपायथ्याची का?” हा प्रश्न तिने सहाही बुधवारी विचारला.

पंडिताचे माप एकच: शक्तिमान. दूरदर्शनवर १९९७ मध्ये ती मालिका सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. ‘पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री’ हे नाव तो आजही श्वास न घेता म्हणतो. मुलीच्या वर्गशिक्षिकेचे नाव मात्र त्याला दर टर्मला नव्याने सांगावे लागते. त्याच्या मते, अचाट शक्ती हवी असेल तर माणसाने आधी कुंडलिनी जागृत करावी, दिवसा वर्तमानपत्रात फोटोग्राफरची नोकरी सांभाळावी आणि भाग संपता संपता मुलांना चार चांगल्या सवयी सांगाव्यात. कमला यातले काहीच करत नाही. उलट पहिल्याच भागात ती ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास होते. इथे पंडित पहिल्यांदा नीट बसतो. न्यूझीलंडमध्येही शिकाऊ परवान्याचे वय सोळाच, आणि त्याची लेक पंधराची.

कमलाची शक्ती जागी होते ती पणजीच्या कड्यामुळे. मूळ २०१४ च्या कॉमिकमध्ये तिचे हातपाय हवे तसे लांबतात, फुगतात. मालिकेत त्याऐवजी हातातून दगडासारखा घट्ट प्रकाश निघतो. कॉमिक वाचलेल्या चाहत्यांचे मोठे गाऱ्हाणे हेच होते, आणि पंडिताची लेक ते हातातला घास हातात ठेवून मांडते. पंडिताचे गाऱ्हाणे वेगळे. एवढा ऐवज आजीने कराचीहून पार्सलने पाठवलाच कसा? विमा उतरवला होता का? ऑकलंड विमानतळावर न सांगता आणलेल्या खाण्याबद्दल ४०० डॉलर दंड भरलेला एखादा पाहुणा प्रत्येक मराठी घराच्या ओळखीत असतोच, तेव्हा परदेशातून येणाऱ्या खोक्यांविषयी पंडिताचा शब्द अधिकाराचा मानावा लागतो. शिवाय त्याच्या स्वतःच्या आजीच्या पाटल्या पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये आहेत आणि किल्ली थोरल्या भावाकडे. त्या पाटल्यांतून प्रकाश निघत असला तरी तो गेली अकरा वर्षे कुणी बघितलेला नाही.

पंडिताची सहधर्मचारिणी ही याच जातीची अधिक प्रगत शाखा. ती पडद्याकडे पाठ करून पोळ्या लाटते आणि तिला सगळे कळलेले असते. कमलाला वेशभूषेच्या मेळाव्याला जायचे असते; आई नको म्हणते, मग बापाने हिरवा हल्क बनून सोबत जावे असा तोडगा निघतो, पोरीला त्याची लाज वाटते आणि ती गुपचूप निघून जाते. यावर सहधर्मचारिणीचे परीक्षण चार शब्दांचे: “यात आईचं काय चुकलं?” दुसऱ्या भागात मशिदीतून कमलाच्या मैत्रिणीचे, नाकियाचे महागडे बूट चोरीला जातात, तेव्हा मात्र ती लाटणे घेऊन मागे वळते. आळंदीला चप्पल गमावलेल्या माणसाला जर्सी सिटी परकी वाटत नाही. पुढे पाचवा भाग बराचसा भूतकाळात जातो. गोष्ट अडली, अशी पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार. सहधर्मचारिणीची नाही. त्या भागात फवाद खान आहे.

पंडिताला असे दिलासे कमी. बापाच्या भूमिकेतला मोहन कपूर ओळखून “अरे, हा तर साप सीढीवाला!” असे तो ओरडतो, पण घरात कुणालाच टीव्हीवरचा तो गेम शो ठाऊक नसतो. फरहान अख्तर चौथ्या भागात येतो आणि चौथ्याच भागात मारला जातो. पंडित ते दुःख पुढचे तीन आठवडे गाडीत सहप्रवाशांना सांगतो.

मत एकट्याने धरून ठेवायची गोष्ट नसल्यामुळे त्याला चार माणसे लागतात. मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, पहिली सार्वजनिक सुट्टी २४ जून २०२२ ला, शुक्रवारी आली, आणि दोनच दिवस आधी तिसरा भाग लागून गेला होता. त्यात कमलाच्या भावाच्या लग्नात खलमंडळी घुसतात आणि हॉल रिकामा करावा लागतो. त्या शनिवार-रविवारी, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा अशा जेवणांतून, मुले खलनायक कच्चे लिहिलेत म्हणून वाद घालत राहिली. ते खरेही होते. खलनायकांना नक्की काय हवे आहे हे सहा भागांत धड पटत नाही. मोठ्यांचा प्रश्न मात्र एकच होता: पाहुण्यांची जेवणे उरकली होती का?

एका बाबतीत पंडित मत देत नाही. पाचव्या भागात १९४७ चे रेल्वे स्टेशन आहे, कराचीला जाणारी, माणसांनी लगडलेली शेवटची गाडी आहे. मनुरेव्याला लागून टाकानिनीचा गुरुद्वारा आहे आणि गल्लीत पंजाबी घरे बरीच. पंडिताच्या घरी फाळणी म्हणजे इतिहासाच्या पेपरातले चार गुण. शेजारच्या घरी कोण कुठल्या गाडीत चढले आणि कोण राहिले हे नावानिशी माहीत असते. त्या बुधवारी त्याने आवाज कमी केला, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी फक्त लिंबांविषयी बोलला.

बाकी मताच्या ताकदीवर त्याची श्रद्धा आहे, आणि तिला या देशात आधारही आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये ब्रॉडकास्टिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने ‘पॉवर रेंजर्स’मधल्या मारामारीविरुद्धच्या प्रेक्षकांच्या तक्रारी मान्य केल्या, आणि टीव्ही थ्रीने पहिला सीझन संपायच्या आतच ती मालिका थांबवली. पुढची गंमत अशी की २००३ च्या सीझनपासून त्याच मालिकेचे चित्रीकरण ऑकलंडमध्ये होऊ लागले आणि २०२३ च्या सीझनपर्यंत, मधला थोडा खंड सोडता, चालले. इथली मुले अमेरिकी हेल काढून रेंजर झाली. पंडित ही हकीकत सांगताना फक्त पहिला अर्धा भाग सांगतो.

१३ जुलैला, गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी, सीझन संपला. कमलाची शक्ती नुसत्या कड्याची नाही, तिच्या जनुकांतच काही वेगळे आहे, असा उलगडा होतो. “म्हणजे आनुवंशिक. बापाकडून,” असे पंडिताने लगेच जाहीर केले; कडे आईकडच्या घराण्याचे आहे हे त्याला पोळीच्या तव्याजवळून सांगण्यात आले. मग कमलाची आई स्वतः तिला लढाईचा पोशाख देते तो प्रसंग आला आणि घरात कुणीच काही बोलले नाही. पंडित उठून डिशवॉशर लावायला गेला. तो अजून भरायचा होता.

ऑकलंडला लेबर डेच्या सुट्टीत आर्मागेडन एक्स्पो नावाचा वेशभूषावाल्यांचा मेळावा असतो. २०२२ मध्ये लेबर डे आणि लक्ष्मीपूजन दोन्ही २४ ऑक्टोबरला आले. लेकीने विचारले, शनिवारी जाऊ का. सहधर्मचारिणी चकल्या तळत होती. तिने बाबांना विचार म्हटले. पंडिताने घसा साफ केला, परत यायची वेळ ठरवली, गाडीने सोडायचे कबूल केले आणि मग, अगदी सहज म्हणून, आपणही आत आलो तर चालेल का असे विचारले.

“चालेल बाबा,” लेक म्हणाली. “पण तो हिरवा कुर्ता घालू नका.”